माणिकबाईचा पाहणी दौरा

अब्दुल रहीमच्या सुमोत त्या वर्षी जेवढी मोठमोठी माणसं बसली, तेवढी एखाद्या आमदाराच्या दिवाणखान्यातही बसली नसतील. साल दोन हजार सहा. वऱ्हाडातल्या शेतीचं पार वाटोळं झालं होतं, आणि ते नेमकं कसं झालं हे पाहायला मुंबईहून, दिल्लीहून, एकदा तर थेट सातासमुद्रापलीकडून माणसं येत होती. समित्या येत, अभ्यासगट येत, टीव्हीवाले येत. बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरत आणि उतरल्या उतरल्या विचारत, गाडी कुठे आहे? गाडी म्हणजे अब्दुल रहीम. अमरावतीच्या एका कचेरीने त्याची सुमो अशा पाहुण्यांसाठी बांधूनच घेतली होती. कपाशी पिको न पिको, समित्यांचं पीक बारमाही होतं, आणि रहीमच्या घरची चूल त्यावर पेटत होती.

त्याला याची लाज वाटायची. जेवताना तो बायकोजवळ कुरकुरे, "लोगों के दुख पे अपनी गाडी चल रही." हमिदा मोठी रोखठोक बाई. पोळी वाढता वाढता ती म्हणे, "तो क्या करना? बोंडअळी क्या तुम लाये? खाओ चुपचाप." मग तो चुपचाप खाई. पण लाज काही जात नसे.

एरवी रहीम हा मुळात जुळवाजुळव करणारा माणूस. मोहल्ल्यात कुणाचं लग्न असो की मयत, गाड्या लावायचं काम त्याच्याकडे. कुणाला खिडकी लागते, कुणाला पुढची सीट दिली नाही तर रुसवा धरतो, कुणाची सासू कुणाच्या सुनेशेजारी चुकूनही बसवायची नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असे. अकोल्याहून बाळापूरला गेलेल्या एका वरातीत त्याने नऊ गाड्या अशा एका रांगेत नेल्या होत्या, की लोक नवरदेवाला सोडून रांगच पाहत उभे राहिले. हे तो स्वतःच सांगतो, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून द्यावं. तरी उरलेलं निम्मं काही थोडं नाही.

तर समित्यांना दाखवायला गाव लागे. नांदगाव खंडेश्वरकडे डांबरी रस्ता सोडून आत एक गाव आहे, तिथे रहीम त्यांना नेई. त्या गावाची परिस्थिती शेजारच्या गावांपेक्षा जास्त वाईट होती असं मुळीच नाही. काळ्या मातीचा चिखल एकदा झाला की सुमो पुढे जात नसे, आणि गाडी वळवायला जागा होती फक्त माणिकबाईच्या अंगणापुढे. म्हणून देशभरातल्या अहवालांमधून वऱ्हाडची शेतकरी बाई म्हणून जी बाई गेली, ती माणिकबाई. गाडी वळवायला जागा दुसऱ्या कुणाच्या दारापुढे असती तर ती दुसरीच कुणी गेली असती. मोठमोठ्या गोष्टी अशा बारीकशा कारणावर चालतात, पण अहवालात ते कुणी लिहीत नाही.

माणिकबाई साठीची, उंच, हाडापेराने दणकट. नवरा काविळीने गेलेला. हे ऐकलं की समितीतल्या एकदोघांचा चेहरा जरा उतरे, कारण काविळीचं ते काय करणार. शेत ती आणि तिचा दीर किसनराव मिळून करत. समिती आली की ती डोक्यावरचा पदर सारखा करून चहा ठेवी, विचारतील त्याची उत्तरं देई, उभं करतील तिथे उभी राही. एकदा फोटोवाल्याने तिला अर्धा घंटा उन्हात कपाशीत उभं केलं आणि वर म्हणाला, हसू नका. ती हसतच नव्हती. तेव्हापासून फोटोवाला दिसला की तिच्या कपाळाला आठी पडे.

त्या वर्षी महालक्ष्म्यांचं जेवण आटोपलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक समिती येऊन गेली. माणसं सुमोत बसली, रहीम दार लावायला गेला, तर माणिकबाईने दार धरून ठेवलं.

"रहीम, तू येतं तवा माणसं आणतं मले पाहाले," ती हळूच म्हणाली. "मले कवा काई दाखवशीन का नाई?"

"काय पाहाचं मावशी तुमाले?"

"ढग."

रहीमने वर पाहिलं. भाद्रपदातलं आभाळ, ढगच ढग. "हे काय, हायेत ना."

"हे नाई रे बापा. वरून. सारा जनम मान वर करून करून याच्याकडं पाहण्यात गेला. आला का, गेला का, पडते का, नाई पडत. मान दुखते आता. चिखलदऱ्याले म्हणे ढग पायाखाली असतात. एकडाव त्यायले वरून पाहा वाटते मले."

आत बसलेल्या साहेबांनी काच वाजवली. रहीम गाडीत बसला आणि गाडी अमरावतीकडे काढली. इतक्या दिवसांत त्याने या बाईला पाहायला किती माणसं आणली, आणि तिला कधी काही पाहावंसं वाटत असेल हे त्याच्या टाळक्यात आलंच नव्हतं. त्याच रात्री त्याने हमिदाला सांगून टाकलं, पुढच्या इतवारी चिखलदरा. हमिदा म्हणाली, "नेकी का काम पूछ पूछ के?" आणि झोपली.

एका बाईला न्यायचं तर सुमोही जास्त झाली. पण गावात बातमी लपते थोडीच? तिसऱ्या दिवशी रहीम गेला तर पारावर अर्धं गाव जमलेलं. आमी बी येतो. मग सुमोच्या जोडीला रहीमचा पुतण्या शाकीब याची कमांडर जीप ठरली, आणि नांदगावच्या विपुलची ओम्नी. ही ओम्नी आठवडाभर ढेप आणि सरकी वाही, त्यामुळे तिच्यात बसलं की गाई-म्हशी मागे लागत असं लोक म्हणत. डिझेल सगळ्यांनी मिळून टाकायचं ठरलं आणि रहीममधला वरातीचा माणूस जागा झाला.

पारावर उभं राहून त्याने नियम सांगितले. "पाहा बावा, घाट आहे, खेळ नाई. रस्ता चिचोळा, वळणावर वळण. इतवारी त्या घाटात अमरावतीचे डॉक्टर-प्रोफेसर सायकली चालवाले येतात, टोप्या घालून. सायकलवाला दिसला का हॉर्न माराचा नाई, अंगावर गाडी घालाची नाई. कोणीच कोणाच्या पुढं जाचं नाई. आन सगळ्यात हळू चालन ती गाडी सगळ्यात पुढं. बाकीच्यायनं तिच्या मांगं."

"म्हंजे माही ओम्नी पुढं," विपुल तोंड वाकडं करून म्हणाला.

"तुहीच."

शेवटचा नियम रहीमने आवाज खाली करून सांगितला. कुणाला काही सांगायचं नाही. एखाद्या समितीच्या कानावर गेलं की शेतकरी तीन गाड्या घेऊन हवा खायला गेले, तर अहवालात चटकन एक ओळ पडेल की इथे कसलं आलंय संकट. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हातारे तर इतक्या गंभीरपणे डोलले, की जणू कुठे दरोडा घालायचा होता.

आणि नेमका शनिवारी संध्याकाळी कचेरीतून फोन आला. त्या दिवशीचे मुंबईचे साहेब अजून इथेच आहेत, दौरा आटोपला, उद्या त्यांना चिखलदरा दाखवायचा आहे, गाडी सकाळी पाठव. रहीमला घाम फुटला. कचेरीचं काम म्हणजे वर्षभराची भाकर. पण त्याच्या डोळ्यापुढे दार धरून उभी राहिलेली माणिकबाई आली. "साहेब, गाडी बिघडली," तो म्हणाला. "गिअरबॉक्स." फोन ठेवून तो बाहेर गेला, सुमोच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "माफ कर, झूट बोला," आणि तीनदा अल्लाचं नाव घेतलं. चांगल्या चालत्या गाडीला बिघडली म्हटलं की ती बिघडते, हे सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक असतं.

रविवारी पहाटे तिन्ही गाड्या अंगणापुढे लागल्या. बायांनी भाकरी, ठेचा, झुणका बांधून घेतला होता. बसायची मांडामांड रहीमने आधीच करून ठेवली होती, त्यामुळे भांडणं फक्त चारच झाली. माणिकबाईला पुढची खिडकी. ती नवं लुगडं नेसून बाहेर आली, गाड्यांकडे पाहिलं, आणि जागच्या जागी थांबली.

"तीन?" ती म्हणाली.

"तीन," रहीम म्हणाला, आणि बोलता बोलताच आपलं कुठे चुकलं ते त्याच्या ध्यानात आलं. दहा-दहा वराती लावलेल्या माणसाने ही चूक करावी!

"तीन तिघाडा, काम बिघाडा. मी नाई बसत."

"मावशी, दगड घेऊ एक. चौथा दगड."

हा उपाय सगळ्यांना माहीत होता. तिघं मिळून कामाला निघाले की चौथा म्हणून एक दगड खिशात टाकायचा, दोष जातो. कुणी तरी दगड आणलाही. पण माणिकबाई बधेना.

"माणसं तीन असली तर दगड चालते. दगड बसते, माणूस बसते. पण गाड्या तीन असल्या तर दगड कसा चालन? दगडाले चाकं असतात का?"

यावर पारावरच्या शहाण्या माणसांनी बराच विचार केला, आणि बाईचं म्हणणं बिनतोड आहे असं ठरलं. चाकाचं काही तरी पाहिजे. कुणी म्हणालं बैलगाडी, पण चिखलदऱ्यापर्यंत बैलगाडी म्हणजे पोचता पोचता दिवाळी. तेवढ्यात माणिकबाईचा दीर किसनराव घरातून आपली सायकल घेऊन आला. काळी, जुनी, दांडीची, मागे कॅरिअर असलेली. किसनराव कुठेही जायचं तर सायकलवरच जाई, कारण गाडीत बसलं की त्याला मळमळे.

"ही घ्या चौथी," तो म्हणाला.

सायकल सुमोच्या टपावर दोरीने बांधली. माणिकबाईने डोळे बारीक करून पाहिलं, दोन्ही चाकं मोजली आणि गाडीत बसली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. इथे हसून चालणार नाही. ज्याने आयुष्यात कधी तिसरी पोळी पानात वाढू दिली असेल त्यानेच हसावं.

अमरावती मागे पडली. परतवाडा येईपर्यंत किसनराव सुमोतून पाच वेळा उतरला आणि पाचही वेळा पोटातलं सगळं रस्त्याकडेला टाकून परत आला. बायांनी लिंबू दिलं, आल्याचा तुकडा दिला, कुणी हुंगायला कांदा फोडून दिला. परतवाडा सोडून घाटाच्या पायथ्याशी आले आणि किसनराव खाली उतरून रस्त्यावरच बसला.

"माही सायकल काढा," तो म्हणाला. "मी पायी जाईन, सायकलवर जाईन, लोळत जाईन, पन या डब्यात बसनार नाई."

"भाऊजी, घाट हाये तो," माणिकबाई म्हणाली.

"घाट असो का यमाचं घर."

सायकल उतरवली. किसनराव धोतराचा सोगा खोचून स्वार झाला आणि पहिल्या चढावरच उतरून सायकल ढकलू लागला. रहीमला वाटलं, चला, हा येईल मागून, आपण पुढे जाऊ. त्याने विपुलला पुढे जायची खूण केली. तर विपुलने ओम्नीतून मान बाहेर काढली. या पोराला त्या दिवशी फार आनंद झाला असावा.

"काका, तुमीच सांगतलं ना, सगळ्यात हळू चालन ते सगळ्यात पुढं! कोणीच पुढं जाचं नाई!"

"अरे ते गाड्यायचं..."

"मंग? चौथी गाडी नाई का ती?"

माणिकबाईने मान हलवली. "संगं निघालो, संगं जाऊ. आता तोडली तर तीनच राह्यतीन."

झालं. पुढे किसनराव सायकल ढकलत, मागे ओम्नी पहिल्या गिअरमध्ये, मागे कमांडर, मागे सुमो. गाड्या तापल्या. थोड्या वेळाने लोकांच्या ध्यानात आलं की गाडीत बसण्यापेक्षा पायी चालणं बरं. मग ते एकेक करून उतरले आणि किसनरावसोबत चालू लागले. आता घाटात चित्र असं, की पुढे एक म्हातारा सायकल घेऊन, भोवती सगळं गाव गप्पा मारत, आणि मागून तीन रिकाम्या गाड्या गुरासारख्या येत आहेत. रहीमने आयुष्यभर रांगा लावल्या होत्या, पण अशी रांग त्यालाही माहीत नव्हती. त्याला चिडावं की हसावं कळेना. मात्र एक कबूल केलं पाहिजे, की इतकं हळू चालल्यामुळे सगळ्यांना सगळं दिसत होतं. साग, झरे, कड्यावरून उड्या मारणारी वानरं, आणि प्रत्येक वळणावर आपण चढून आलो तो रस्ता खाली.

अमरावतीचे सायकलवाले मागून आले. रंगीत टोप्या, अंगाला चिकटलेले कपडे, हलक्याफुलक्या गिअरच्या सायकली. बायांनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं. रहीमने हात वर करून तिन्ही गाड्या डाव्या बाजूला दाबल्या आणि त्यांना वाट दिली, नियम म्हणजे नियम. एकजण धापा टाकत किसनरावच्या जोडीने आला. त्याने मागे तीन गाड्या पाहिल्या.

"काका, तुमच्या एकट्याच्या मागे तीन-तीन गाड्या? कुठल्या क्लबकडून?"

"माह्या घरच्याच हायेत," किसनराव म्हणाला.

तो माणूस फार आदराने पुढे गेला.

घाटाच्या वरच्या टप्प्यात एक मोठं वळण आलं. कडेला दगडी कठडा. तिथे किसनराव थांबला, सायकल कठड्याला टेकवली आणि जाहीर केलं की आता भाकर खाल्ल्याशिवाय एक पाऊल नाही. माणिकबाई कठड्यावर बसली, दरीकडे तोंड करून. पण दरीत काहीच नव्हतं. नुसतं पांढरं धुकं, वर तेच, खाली तेच. रहीमचं काळीज चरकलं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच दिसणार नाही की काय?

"निघन मावशी, निघन धुकं," तो म्हणाला.

"निघन तवा निघन," ती म्हणाली. "वाट पाहाची मले सवय हाये."

तेवढ्यात मागून हॉर्न वाजू लागला. लांबलचक, तावातावाचा. रहीमने वळून पाहिलं आणि त्याच्या हातातला भाकरीचा घास हातातच राहिला. पांढरी अँबेसेडर. कचेरीने ऐन वेळी भाड्याने घेतलेली असणार. तिच्यातून मुंबईचे साहेब उतरले, मागे गळ्यात कॅमेरा अडकवलेला त्यांचा फोटोवाला. काय अडलंय ते पाहायला साहेब चढ चढत येत होते, आणि पहिल्यांदा त्यांना दिसली ती सुमो. गिअरबॉक्स गेलेली सुमो, घाटाच्या वरच्या टप्प्यात.

"रहीम?" साहेब म्हणाले.

रहीमने हातातला घास फडक्यात ठेवला.  साहेबांची नजर मग पुढे गेली आणि माणिकबाईवर येऊन थांबली.

"तुम्ही... त्या दिवशी आम्ही तुमच्याच घरी आलो होतो ना? तुम्ही इथे कशा?"

 चोरी पकडली गेल्यासारखा गावातला एकेकजण पायाकडे पाहू लागला. माणिकबाईने मात्र शांतपणे शेजारची जागा हाताने झटकली.

"बसा," ती म्हणाली. "कोठचे तुमी?"

साहेब दमलेले होते. बसले. "मुंबईचा."

"घरी कितीक माणसं?"

"आम्ही दोघंच. मुलगा परदेशात असतो."

"येते का कवा?"

"दोन वर्षांत आला नाही," साहेब म्हणाले, आणि आपण हे का सांगतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. पण समोरची बाई लक्ष देऊन ऐकत होती. गावही हळूहळू जवळ सरकलं.

"जेवाले कोण करते घरी?"

"डबा येतो. दोन्ही वेळा."

"दोन्ही वेळा डबा!" मागून कुणी तरी बाई हळहळली.

"रातच्याले झोप लागते का?"

"गोळी घेतली की लागते."

च्च च्च च्च. सगळ्या बायांनी जिभेने आवाज केला. किसनरावने मान हलवून सहानुभूती दाखवली आणि एक भाकर, वर ठेचा घालून, साहेबांच्या हातात दिली. साहेब खाऊ लागले. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं, पण बायांना वाटलं मुलाच्या आठवणीने आलं, आणि त्या आणखीनच हळहळल्या.

"जोडधंदा काई करून पाह्यला का?" माणिकबाईने विचारलं. "कोंबड्या? बकऱ्या?"

"नाही," साहेब म्हणाले.

"बरं," माणिकबाई म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून सुस्कारा टाकला. "पाहू काय करता येते ते."

साहेब घास चावायचे थांबले. मग ते हसले. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. आपण या बाईला विचारलेले प्रश्न त्यांना आठवले असावेत, आणि ते थोडे खाली मान घालूनच हसले. रहीमला क्षणभर वाटलं, सुटलो. आजचा दिवसही सुटला आणि उद्याची भाकरही.

पण त्याच वेळी वारा फिरला. धुकं फाटायला लागलं, आधी वर, मग समोर, आणि ऊन पडलं. माणिकबाई कठड्यावर सरळ होऊन बसली. फोटोवाला एकदम उठला. धंद्याच्या नजरेने त्याने ते बरोबर हेरलं.

"साहेब, त्यांच्या मागे खाली ढग बघा! काय फ्रेम आहे! ओ बाई, इकडे बघा. इकडे. दरीकडे नको, माझ्याकडे तोंड करा. पटकन, जाईल ते."

"हो, बरोबर," साहेबही उभे राहिले, हातातली भाकर तशीच. "हाच फोटो मुखपृष्ठावर घेऊ. रहीम, जरा सांग त्यांना वळायला."

रहीमला माहीत होतं की डोंगरातलं धुकं किती वेळ उघडं राहतं. चहा प्यायला लागतो तेवढाही नाही. तिने आता वळून तोंड फिरवलं, पदर सारखा केला, त्या माणसाला हवी तशी उभी राहिली, की परत दरीकडे वळेपर्यंत सगळं झाकून जाईल. साठ वर्षांत एकदा मागितलेली गोष्ट. आणि सांगितलं तर ती वळेलही, हे त्याला ठाऊक होतं. समितीच्या माणसांनी सांगितलेलं ती ऐकत आली होती, त्याच्याच गाडीतून आलेल्या माणसांचं.

तो जाऊन कॅमेऱ्याच्या पुढ्यात उभा राहिला. दोन्ही हात पसरून, वरातीत आडवा घुसणारा ट्रक थांबवतात तसा.

"आज नाई, साहेब," तो म्हणाला.

"रहीम, बाजूला हो."

"नाई. आज त्या पाहून राहिल्या. आज त्यायले कोणी पाहाचं नाई."

फोटोवाला डावीकडे सरकला, रहीमही डावीकडे सरकला. तो उजवीकडे, हाही उजवीकडे. लहान पोरांच्या खेळासारखं ते चाललं होतं आणि बाकीचं गाव हसावं की नाही या विचारात होतं. साहेबांचा चेहरा मात्र बदलला. खाली मान घालून हसणारा माणूस गेला आणि कचेरीचा माणूस परत आला.

"तुझी गाडी बिघडली होती ना?" ते म्हणाले. "ठीक आहे. बिघडलेलीच राहू दे. उद्यापासून आम्ही दुसरी गाडी बघतो."

"जी," रहीम म्हणाला. हमिदाला काय सांगायचं हे त्याच्या डोक्यात घोंघावत होतं, पण तो हलला नाही. साहेब फोटोवाल्याला घेऊन उताराला लागले. शाकीबने गाड्या कडेला दाबून अँबेसेडरला वाट करून दिली आणि ती भरधाव वर निघून गेली. वर चिखलदऱ्यात देवी पॉइंटवर त्या दिवशी दिवसभर दाट धुकं होतं. दहा हातांवरचा माणूस दिसला नाही, असं मागाहून सायकलवाल्यांनी सांगितलं.

रहीम अजून रस्त्याकडे तोंड करूनच उभा होता, हात पसरलेले. मागे सगळं गाव कठड्याला जाऊन भिडलं होतं.  मग माणिकबाईचा आवाज आला, शेतातल्या गड्यावर ओरडावं तसा, खणखणीत.

"कावून रे ढगा? आता पाह ना तू वर! पाह! लय नखरे केले आजवर!"

आणि ती हसत सुटली. इतक्या दिवसांत रहीमने तिचं हसू ऐकलं नव्हतं. मोठं, पोटातून आलेलं, थांबता थांबेना असं. बाकीच्या बाया हसू लागल्या, किसनरावने सायकलची घंटी वाजवली. रहीमला वळून पाहायचं होतं, पण डोळ्यांत इतकं पाणी आलं होतं की वळण्याआधी ते पुसणं भाग होतं. त्याने बाहीने डोळे पुसले आणि वळला. तोवर दरी पुन्हा पांढरी झाली होती.

माणिकबाई कठड्यावरून खाली उतरली, लुगडं झटकलं. साहेब कधी गेले, काय बोलले, रहीम कुठे उभा होता, यातलं तिला काहीएक ठाऊक नव्हतं.

"पाह्यला का रे रहीम?" तिने विचारलं. "कसा पडला होता खाली, मेला! मी त्याच्या वर होती!"

"पाह्यला मावशी," रहीम म्हणाला. "मस्त होता."